शालापूर्व आणि शालेय वयातील बालकांची वाढ व विकास (बालआरोग्य परिचर्या)

तीन वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा वर्षांपर्यंतच्या काळाला शालापूर्व वय आणि तिथून साधारण बाराव्या वर्षापर्यंतच्या काळाला शालेय वय म्हणतात. वाढ म्हणजे शरीराच्या आकारमानात पडणारी, वजनकाट्यावर आणि मोजपट्टीवर दिसणारी भर. विकास म्हणजे अवयवांच्या व मनाच्या क्षमतेत येणारी परिपक्वता. ती काट्यावर दिसत नाही, पाहून, ऐकून आणि विचारून समजून घ्यावी लागते. तान्हेपण आणि पौगंडावस्था या दोन वेगवान टप्प्यांच्या मधली ही नऊ वर्षे संथ असतात, आणि संथ असल्यामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पहिल्या दीड-दोन वर्षांत लसींच्या निमित्ताने बाळ आरोग्यसेविकेच्या हातातून वारंवार जाते. पुढे पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लस) दुसरी वर्धक मात्रा आणि दहाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात व घटसर्प) मात्रा, एवढेच लसीचे प्रसंग या वयात उरतात. त्यामुळे या मुलांची वाढ पाहण्याची जागा दवाखान्यापेक्षा अंगणवाडीत आणि शाळेत अधिक आहे, आणि तिथे वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्या परिचारिकेला त्या वयाचे ‘सर्वसाधारण’ काय असते हे पक्के ठाऊक असावे लागते.

शालापूर्व वयात मुलाचे वजन वर्षाला सुमारे २ किलोग्रॅमने आणि उंची ६ ते ८ सेंटिमीटरने वाढते. जन्मवेळी ५० सेंटिमीटरच्या आसपास असलेली लांबी चौथ्या वर्षाच्या सुमारास दुप्पट, म्हणजे जवळजवळ एक मीटर होते. शालेय वयात वजनाची वार्षिक भर २ ते ३ किलोग्रॅम आणि उंचीची ५ ते ६ सेंटिमीटर असते. वॉर्डात पाठ केली जाणारी ढोबळ सूत्रे याच वेगावर बेतलेली आहेत : सहा वर्षांपर्यंत वयाच्या दुपटीत आठ मिळवले की किलोग्रॅममधील अपेक्षित वजन मिळते, तर दोन ते बारा वर्षांत वयाच्या सहापटीत सत्त्याहत्तर मिळवले की सेंटिमीटरमधील उंची मिळते. चार वर्षांच्या मुलासाठी ही उत्तरे १६ किलोग्रॅम आणि १०१ सेंटिमीटर अशी येतात. सूत्र अंदाजापुरतेच आहे. औषधाची मात्रा ठरवताना प्रत्यक्ष वजनच घ्यावे, कारण आपल्याकडील बरीच मुले सूत्रापेक्षा हलकी भरतात.

शरीराचे सगळे भाग एका गतीने वाढत नाहीत. रिचर्ड स्कॅमन या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञाने १९३० मध्ये वाढीचे चार वक्र (सर्वसाधारण शरीर, मेंदू, लसिका ऊती आणि जननेंद्रिये यांचे) मांडले आणि अध्यापनात ते आजही वापरले जातात. मेंदू सहाव्या वर्षापर्यंत प्रौढ आकाराच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो, त्यामुळे डोक्याचा घेर या वयात फारसा बदलत नाही. जननेंद्रिये जवळजवळ निद्रिस्त असतात. याउलट लसिका ऊती (टॉन्सिल, गळ्यातल्या गाठी यांसारख्या रोगप्रतिकार करणाऱ्या ऊती) शालेय वयाच्या अखेरीस प्रौढांपेक्षाही जास्त, कमाल विस्ताराला पोहोचलेल्या असतात. ‘पोराच्या गळ्यात गाठी लागतात, टॉन्सिल मोठे दिसतात’ असे सांगत येणाऱ्या आईला हा वक्र ठाऊक असलेली परिचारिका बरेचदा धीर देऊ शकते. मात्र गाठ दुखरी, कडक किंवा सतत वाढणारी असेल, मुलाला ताप असेल किंवा त्याचे वजन घटत असेल, तर धीर देणे पुरेसे नाही, डॉक्टरांकडेच पाठवायला हवे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे एकमेकांना घासताना दिसतात, तेही बहुतेक मुलांत सातव्या वर्षापर्यंत आपोआप सरळ होतात. दुधाचे वीस दात तिसऱ्या वर्षापर्यंत आलेले असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. ती दुधाचीच समजून किडू दिली जाते आणि मग जन्मभराची जागा रिकामी होते. शाळेतील तपासणीत तोंड उघडायला लावल्यावर सर्वांत आधी पाहावी ती हीच दाढ.

वाढीची नोंद मोजमापाच्या अचूकतेवर उभी असते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. दोन वर्षांवरील मुलाची उंची उभी मोजतात : अनवाणी पाय, टाचा जुळवलेल्या, टाचा, नितंब, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग फळीला टेकलेला, नजर समोर. शाळेत प्रत्यक्ष दिसते ते असे, की तिसरीतली मुलगी दोन घट्ट वेण्या वर बांधून, रिबिनीची फुले डोक्यावर घेऊन उभी आहे, वरची पट्टी त्या फुलांवर टेकली आहे आणि रजिस्टरमध्ये दीड-दोन सेंटिमीटर जास्तीचे लिहिले जात आहेत. पुढच्या वर्षी ती केस कापून आली, की कागदावर तिची वाढ खुंटलेली दिसते. काटा आधी शून्यावर आणणे, स्वेटर, पादत्राणे आणि खिशातल्या गोट्या काढून ठेवणे, त्याच काट्यावर पुढची नोंद घेणे, ही कामे किरकोळ वाटली तरी निष्कर्ष त्यांच्यावरच ठरतो. वयाचेही तसेच आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरसकट १ जून लिहीत. जन्मनोंदणी वाढल्यामुळे हे बरेच कमी झाले असले तरी एका वर्गात संशय यावा इतक्या १ जूनच्या तारखा दिसल्या, तर जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड मागून घ्यावे. वय सहा महिन्यांनी चुकले तर आलेखावरचा बिंदूही चुकीच्या जागी पडतो.

पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढमानके वापरतात. ती सहा देशांतील बालकांच्या अभ्यासावर आधारलेली असून त्या सहांत दिल्ली केंद्राद्वारे भारताचाही समावेश होता. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारित आलेख प्रसिद्ध केले. त्यांच्या सिद्धतेत पुण्यातील संशोधकांचा मोठा वाटा आहे. या आलेखांत शरीर वस्तुमान निर्देशांकाच्या (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) अतिवजन व स्थूलता दाखवणाऱ्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या मूल्यांशी जुळवलेल्या आहेत, कारण भारतीयांत मधुमेहाचा धोका कमी निर्देशांकापासून सुरू होतो. दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी मात्र सहा महिने ते ५९ महिने या वयासाठीच आहे, ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हे तीव्र कुपोषणाचे लक्षण त्या वयापुरतेच धरायचे असते. पहिलीतल्या मुलाच्या दंडाला तीच पट्टी लावून हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

एका दिवसाचे माप स्थिती सांगते, वाढ सांगत नाही. आई-वडील दोघेही ठेंगणे असलेली मुलगी वर्षानुवर्षे आलेखावरच्या खालच्या शतमक रेषेला (शंभर मुलांत मुलाचा क्रम कितवा हे दाखवणारी रेषा) धरून वर सरकत असेल, तर ती बहुधा आपल्या घराण्याच्या उंचीने वाढते आहे. वर्गात मधल्या उंचीचा असलेला मुलगा दोन वर्षांत दोन रेषा ओलांडून खाली आला असेल, तर तो अजूनही ‘नॉर्मल’ दिसत असला तरी त्याच्या आतड्याचा, थायरॉइडचा, मूत्रपिंडाचा, क्षयरोगाचा किंवा घरातल्या उपासमारीचा विचार करावा लागतो. शालेय वयात उंची वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढणे हे संदर्भसेवेसाठी (मुलाला पुढील तपासणीसाठी तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी) पुरेसे कारण आहे. म्हणून मागच्या वर्षीचे रजिस्टर यंदाच्या तपासणीला सोबत असणे, हे नव्या वजनकाट्यापेक्षा अधिक मोलाचे साधन ठरते.

विकासाच्या खुणांत शालापूर्व वय फार समृद्ध आहे. तिसऱ्या वर्षी मूल तीनचाकी सायकल चालवते, नाव सांगते, गोल पाहून गोल काढते. चौथ्या वर्षी एका पायावर उड्या मारते, अधिकचे चिन्ह काढते, रचून गोष्टी सांगते. पाचव्या वर्षी त्रिकोण जमतो आणि पायऱ्या एकेक पाय टाकत सहज उतरते. कागद आणि पेन्सिल हातात देऊन ‘माणूस काढ’ म्हटले, तर काट्यावर न दिसणारे बरेच काही दोन मिनिटांत दिसते. तीन-चार वर्षांच्या मुलाचे बोलताना अडखळणे बहुधा विचार शब्दांच्या पुढे धावत असल्यामुळे असते. त्याला टोकण्यापेक्षा थांबून ऐकून घ्यावे. पाचव्या वर्षापर्यंत अंथरूण ओले होणे हा आजार मानला जात नाही.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी शालापूर्व वयाचा मानसिक पेच ‘उपक्रमशीलता की अपराधभाव’ असा मांडला, तर बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या विचारपद्धतीला पूर्वसंक्रियात्मक अवस्था (तर्काने विचार करता येण्याच्या आधीची) म्हटले. परिचर्येसाठी याचा अर्थ अगदी रोजचा आहे. या वयाच्या मुलाला आजार शिक्षेसारखा वाटतो. ‘आईचं ऐकलं नाही म्हणून मला ताप आला’ असे ते मनापासून मानते. ‘रडलास तर सिस्टर सुई देतील’ हे नातेवाइकांचे वाक्य त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करते, आणि परिचारिकेने ते तिथल्या तिथे, सौम्यपणे पण स्पष्टपणे खोडून काढावे. मूल शब्द जसेच्या तसे घेते. ‘थोडं रक्त काढून घेऊ’ म्हटल्यावर सगळे रक्त निघून जाईल असे त्याला वाटते. ‘पोटात गोळा आहे’ ऐकून ते खेळण्यातल्या चेंडूची कल्पना करते. छोट्या टोचणीवरही चिकटपट्टी लावल्याने त्याचा जीव भांड्यात पडतो, कारण त्याच्या लेखी त्या छिद्रातून आतले सगळे बाहेर येऊ शकते. बाहुलीला आधी पट्टी बांधून दाखवणे, स्टेथोस्कोप हाताळू देणे, ‘दुखणार नाही’ असे खोटे न सांगता ‘मुंगी चावल्यासारखं होईल, मग लगेच संपेल’ असे सांगणे उपयोगी पडते. वेदना मोजण्यासाठी तीन वर्षांवरील मुलांत हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी वापरतात. वॉर्डात आल्यावर शी-शूची सवय मोडणे किंवा पुन्हा अंगठा चोखणे ही तात्पुरती माघार असते. त्यासाठी मुलाला लाजवू नये.

सातव्या वर्षाच्या आसपास विचारात मोठा बदल होतो. उंच पेल्यातले पाणी पसरट वाटीत ओतले तर ते ‘कमी झाले’ असे पाच वर्षांचे मूल म्हणते. आठ वर्षांचे मूल ‘तेवढंच आहे, तुम्ही फक्त ओतलंत’ म्हणून हसते. या पायावर बेरीज-वजाबाकी, घड्याळ, खेळाचे नियम आणि त्या नियमांवरची भांडणे उभी राहतात. एरिक्सन यांच्या मांडणीत हा काळ ‘उद्यमशीलता की न्यूनगंड’ असा आहे, आणि वर्गात सतत मागे राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत न्यूनगंडाचे पारडे फार लवकर जड होते. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळालेल्या मुलाचे डोळे आणि कान आधी तपासावेत. सहा मीटरवरील तक्त्याने प्रत्येक डोळा वेगळा झाकून दृष्टी पाहावी. अक्षर न ओळखणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी ‘ई’चा तक्ता चालतो. आळशी डोळ्यावरील (मेंदूने वापरणे कमी केल्यामुळे नजर मंद राहिलेला डोळा) उपचार सातव्या वर्षाच्या आत सुरू झाले तर उत्तम गुण येतो, त्यामुळे ही तपासणी बालवाडीतच व्हावी. डोळे, कान ठीक असूनही वाचन-लेखन अडत असेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा विचार करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे.

या वयोगटासाठी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेशी महाराष्ट्राच्या एका कोपऱ्याचे जुने नाते आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची हा मार्ग काढला. अंगणवाडी हा शब्द त्याच कामातला आहे; २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने तो देशभर नेला. बोर्डी आणि कोसबाड आज ज्या पालघर जिल्ह्यात आहेत, त्याच पालघरमधून फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी आदी पद्धतींचे) डॉक्टर, एक परिचारिका किंवा एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि एक औषधनिर्माता असतो. अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा होते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी आणि दहा वर्षांपासून पुढे निळी गोळी दिली जाते. ती उपाशीपोटी न देता शाळेतल्या खिचडीनंतर द्यावी, म्हणजे मळमळ कमी होते आणि ‘गोळीने बाधलं’ ही अफवा गावात पसरत नाही. जंतनाशक अल्बेंडाझोल मात्र चावूनच खायला लावावी.

शालेय वयाचा शेवट सर्वांसाठी एकाच वाढदिवशी येत नाही. मुलींत वयात येण्याची पहिली खूण आठ ते तेरा आणि मुलांत नऊ ते चौदा या दरम्यान कधीही दिसू शकते, त्यामुळे सहावीच्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींत एक हातभर उंच आणि दुसरी अजून लहानखुरी असणे स्वाभाविक आहे. आठ वर्षांआधी मुलीत किंवा नऊ वर्षांआधी मुलात अशी खूण दिसली तर मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे. एरवी मुलीशी पाळीबद्दलचे बोलणे पाळी येण्याआधी, तिच्या आईला विश्वासात घेऊन, चौथी-पाचवीतच झालेले असावे. वर्षाला ५ सेंटिमीटरने सरकणारा बिंदू आलेखावर एकदम चढू लागला, की त्या बोलण्याला थोडाच अवधी उरलेला असतो.