नाण्यावरची चूक कधीपासून विकली जायला लागली?

व्हॉट्सअपवर दर आठवड्याला कुणीतरी पाच रुपयाच्या नाण्याचा फोटो टाकतंयच, खाली प्रश्न ठरलेला, 'भावा हे मिसप्रिंट आहे काय, कितीला जाईल?' आणि दहातली नऊ नाणी घासलेली नाहीतर कुणीतरी हातोडा मारलेली असतात. उत्तर देऊन कंटाळा आला, म्हणून हा सगळा प्रकार सुरू कुठनं झाला ते एकदा लिहून टाकतो.

सुरुवात आपल्या कोल्हापुरातनंच करूया की. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर कुर राजांची शिशाची नाणी सापडली, साधारण सातवाहनांच्या काळातली, त्यावर धनुष्यबाण आहे. यातल्या काही नाण्यांवर एका राजाच्या ठशावर दुसऱ्या राजाचा ठसा मारलाय आणि खालचा जुना ठसा पुसट दिसतोय. म्हणजे नवा राजा आला, जुनी नाणी गोळा केली, त्यावरच आपला छाप हाणला. ते बघूनच अभ्यासकांनी क्रम लावला, आधी वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, मग माठरीपुत्र शिवलकुर आणि शेवटी गौतमीपुत्र विळिवायकुर. आज असं नाणं टांकसाळीतनं बाहेर पडलं तर आपण 'ओव्हरस्ट्राइक एरर' म्हणून नाचू, पण तेव्हा ती चूक नव्हतीच, ते कामकाज होतं.

पुढं शिवराईचं बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण हातात घेतली तर कधी 'श्री' गायब, कधी 'पति' अर्धाच. कारण ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि घाव हाताचा. पन्हाळ्यावर कोल्हापूर संस्थानची टांकसाळ होती, तिथल्या रुपयांचंही तेच. त्यामुळं हाताच्या नाण्यांचा बाजार उलटा चालतो, ज्या शिवराईवर अक्षरं पूर्ण आहेत तिला पैसे जास्त आणि अर्धवट ती किलोवारी. मशीनच्या नाण्यात मात्र पूर्ण छापलेलं ते दर्शनी किमतीचं आणि अर्धवटाला गिऱ्हाईक. हे ध्यानात आलं की बाकी सगळं सोपं आहे.

हा बदल झाला वाफेच्या प्रेसमुळं. मुंबईची टांकसाळ 1829 ला उभी राहिली, 1835 च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा एकसारखा रुपया आला, 180 ग्रेन वजनाचा, आणि गावोगावच्या टांकसाळी हळूहळू बंद पडत गेल्या. मशीनमध्ये चकतीभोवती पोलादी कॉलर असते, वरनं एक डाय म्हणजे ठसा कोरलेला साचा, खालनं एक, मध्ये धातू दाबला की तो कॉलरपर्यंत पसरतो आणि नाणं बरोबर गोल येतं. उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, प्रेसवर काम केलेल्याला हे सांगायलाच नको, फीड चुकलं की जॉब वाकडा येणारच. चकती सरकली तर ऑफ सेंटर, कॉलर उठली नाही तर नाणं पसरट, आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा खोलगट छाप, त्याला आपल्याकडचे नाणेवाले लखी म्हणतात. पत्र्यातनं चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर चढला तर कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी.

पण चूक आहे म्हणून लगेच पैसे द्यायला कोण तयार नव्हतं, ते वेड जोरात पसरलं अमेरिकेत. 1955 साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सेंटची डाय तयार करताना दुसरा दाब किंचित फिरून बसला आणि तारीख, अक्षरं सगळी डबल. चूक लक्षात आली तोवर अशी 20,000 च्या वर नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती, मग तशीच सोडून दिली. सिगारेटच्या मशीनमधनं निघणाऱ्या पाकिटात सुट्टे म्हणून बरीच सापडली असं सांगतात. तिथनं लोक गल्ल्यातली चिल्लर भिंगाखाली बघायला लागले.

आपल्याकडं 1957 ला नवे पैसे आले, पण एररवाल्यांना जास्त माल मिळतो तो अलीकडच्या नाण्यांत. 1980 च्या दशकात सुट्ट्यांची एवढी टंचाई की सरकारनं परदेशातनं नाणी पाडून आणली, 1985 च्या रुपयावर सालाखाली एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटनचा. ही एरर नव्हे बरं का, टांकसाळीची खूण. तसंच मुंबईचा डायमंड, हैदराबादचा तारा, नोएडाचा टिंब, आणि कोलकात्याला काहीच खूण नाही. या 'काहीच नाही'मुळं किती जणांनी साधा रुपया रेअर म्हणून कपाटात ठेवलाय देव जाणे. दहाच्या नाण्याचंही तसंच, डिझाइन वेगळं दिसलं की दुकानदार घेत नव्हते, शेवटी 2018 ला रिझर्व्ह बँकेला सांगायला लागलं की 14 डिझाइनं आहेत आणि सगळी चालतात.

खरं कसं ओळखायचं तर एकच प्रश्न विचारायचा, हे प्रेसमध्ये झालं असेल की प्रेसनंतर? कडेचा तुकडा कमी असेल तर त्याच्या बरोबर समोरची कड बघा, ती पण अशक्त, पुसट असेल तर बहुतेक टांकसाळीतलंच. कड उचलणाऱ्या मशीनमध्ये कापलेल्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरचीही उचलत नाही. कानशीनं कापलेल्याची समोरची कड मस्त टणटणीत असते. व्हाइसमध्ये दोन नाणी दाबून केलेली नकली लखी तर इकडं सर्रास, ती उलटी करून बघा, मागचं डिझाइन चेपलेलं असतंय. वजनकाटा पण हवाच. 2011 चा छोटा स्टीलचा रुपया 3.79 ग्रॅमचा आणि त्याच मालिकेतलं दोनचं 4.85 चं, त्यामुळं 'चुकीच्या चकतीवर छापलंय' म्हणणाऱ्याला आधी वजन विचारायचं.

किमतीचं म्हणाल तर डायला गेलेली बारीक चीर वगैरेला फारसं कोण विचारत नाही. अर्धं सरकलेलं पण साल दिसणारं, न वापरलेलं, त्याला मागणी. आणि वैष्णोदेवीचं 2012 चं पाचचं नाणं लाखात जातंय म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यात तर चूकच नाहीये कुठली, साधं स्मारक नाणं ते. उलट आधी 'फी भरा' म्हणून लोकांचेच पैसे गेलेत, 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कसलं कमिशन घेत नाही.