थंडी, रबर आणि हवा : हिवाळी टायर स्वतः बदलताना

महाराष्ट्रात गाडीचा टायर बदलायचा तो झिजला म्हणून किंवा फुटला म्हणून; ऋतू बदलला म्हणून चारही टायर उतरवायचे, ही कल्पना तिकडून आलेल्या माणसाला सुरुवातीला निव्वळ चैनीची वाटते. कॅनडातील क्युबेक प्रांतात मात्र तो कायदा आहे. २००८ सालापासून येथे नोंदवलेल्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि २०१९ पासून ही मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. शेजारच्या ऑन्टारिओत अशी सक्ती नाही, तरीही तेथील असंख्य लोक नोव्हेंबरात टायर बदलतात. त्या महिन्यात गॅरेजांत वेळ मिळणे कठीण होते, म्हणून अनेक जण हिवाळी टायरांचा दुसरा संच त्याच्या स्वतंत्र रिमांसह विकत घेऊन ठेवतात आणि स्टेपनी बदलावी तशी चारही चाके घरीच बदलतात. काम अवघड नाही, पण ते करताना थंडीचे दोन वेगवेगळे परिणाम समजून घ्यावे लागतात : एक रबरावर होणारा आणि दुसरा टायरमधील हवेवर होणारा. चाकातील दाब मोजणारा सेन्सर यांपैकी फक्त हवेचा परिणाम मोजतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच असते.

आधी रबराविषयी. रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अतिशय लांब रेणूंच्या साखळ्या. या साखळ्या हलू, वळू आणि ताणल्या जाऊ शकतात, तोवर रबर मऊ असते. तापमान एका ठरावीक मर्यादेखाली गेले की त्यांची हालचाल थिजते आणि तेच रबर काचेसारखे कडक व ठिसूळ होते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ही मर्यादा शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस इतकी खाली आहे. मग उन्हाळी टायर शून्याच्या आसपासच का घसरू लागतो, हा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर वेगात आहे. रस्त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, आणि धावत्या टायरच्या रबराला त्या बारीक उंचवट्यांवरून जाताना सेकंदाला हजारो वेळा दबावे आणि सुटावे लागते. साखळ्यांना हलण्यासाठी इतका कमी वेळ मिळाला, की त्या प्रत्यक्षातल्यापेक्षा कितीतरी थंड असल्यासारख्या वागतात. उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या रस्त्यावर टिकावे म्हणून मुळातच कडकपणाकडे झुकलेले असते, त्यामुळे ते रस्त्याच्या खाचाखोचांत शिरण्याइतके मऊ राहत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात फार खालच्या तापमानापर्यंत लवचीक राहणारी रबरे आणि सिलिका यांचे प्रमाण वेगळे ठेवलेले असते. तापमान ७ अंशांच्या खाली गेले की टायर बदलावेत, असा जो संकेत रूढ आहे तो काही भौतिकशास्त्राचा स्थिरांक नव्हे. पण रस्ता कोरडा असला तरी थंडी स्वतःच टायरची पकड कमी करते, हे तो नेमके सांगतो आणि म्हणून तो उपयोगी आहे.

बर्फाची गोष्ट याहून निराळी. ताज्या, भुसभुशीत बर्फावर हिवाळी टायरची खोल नक्षी बर्फ स्वतःमध्ये दाबून भरून घेते, आणि बर्फाला बर्फ जितका घट्ट धरतो तितके रबर धरू शकत नाही. म्हणून नक्षीत अडकलेला बर्फ हा दोष नसून टायरच्या पकडीचाच एक भाग आहे. गोठलेल्या पाण्याचा गुळगुळीत थर मात्र अधिक फसवा असतो, कारण शून्याच्या जवळपास त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. शून्याखाली २० अंशांतील बर्फापेक्षा शून्याखाली १ अंशातील बर्फ जास्त निसरडा असतो तो यामुळेच. हिवाळी टायरच्या नक्षीवर धारदार पात्याने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या चाक टेकताना किंचित उघडतात, पाण्याचा पापुद्रा शोषून बाजूला करतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. खास हिवाळ्यासाठी टायर बनवण्याची सुरुवात १९३४ साली फिनलंडमधील नोकिया गावच्या कारखान्यात मालमोटारींसाठी झाली. आज खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमस्फटिक असे चिन्ह आहे का ते पाहावे. दाबलेल्या बर्फावरील चाचणीत उतरलेल्या टायरलाच ते मिळते, आणि क्युबेकचा कायदाही तेच मागतो. ‘एम अधिक एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे मात्र नक्षीच्या रचनेवरून दिली जातात, त्यांच्यामागे अशी चाचणी नसते. टायर चारही बदलावेत. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते म्हणून फक्त पुढचे दोन बदलले, तर ब्रेक लावताना पुढची बाजू धरते, मागची सुटते आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

आता हवा. बंद जागेतील वायू थंड झाला की त्याचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात कमी होतो, हे फ्रान्सच्या गीयोम आमोंताँ याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते, आणि आपण ते शाळेत वायूंच्या नियमांत शिकलेलो असतो. समजा, सप्टेंबरात २० अंश तापमान असताना टायरमध्ये ३३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा भरली. मापकावर दिसणारा हा आकडा बाहेरच्या वातावरणापेक्षा किती जास्त दाब आहे एवढेच सांगतो. नियम लावण्यासाठी त्यात वातावरणाचे १४.७ मिळवून ४७.७ घ्यावे लागतात. शून्याखाली १० अंशांच्या सकाळी निरपेक्ष तापमान २९३ वरून २६३ केल्विनवर येते, आणि त्या प्रमाणात हिशेब केला तर मापकावर सुमारे २८ पीएसआय उरतात. शून्याखाली २५ अंशांच्या रात्रीनंतर, जी मॉन्ट्रियलच्या जानेवारीत काही नवलाची नसते, तो आकडा २६ च्याही किंचित खाली जातो. टायरला कोठेही छिद्र नाही, एक थेंबभरही हवा निसटलेली नाही, तरी पाचव्या हिश्श्याहून जास्त दाब गेलेला असतो. टायरात शुद्ध नायट्रोजन भरला म्हणून हे टळत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि वायूचा हा नियम दोघांनाही सारखाच लागू पडतो.

दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा सक्तीची होण्यामागे एक दुःखद इतिहास आहे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे लाखो टायर परत मागवले गेले. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून येत होता, आणि या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे मेली. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि त्यामुळे आतून तापतो, त्यात असे दोष अधिक वेगाने उघडे पडतात. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा केला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या वाहनात, सांगितलेल्या दाबापेक्षा तो २५ टक्के कमी झाल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींत ती असते. कॅनडात सक्ती नाही, पण त्याच कारखान्यांतून येणाऱ्या गाड्यांत ती बहुधा असतेच.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते आणि आपल्या गाडीत कोणती आहे हे चाके विकत घेण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. पहिल्या प्रकारात चाकात काहीच नसते; हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या थोडी घटते आणि ते चाक इतरांपेक्षा किंचित जलद फिरते, हे ब्रेकच्या यंत्रणेतील वेगमापकांवरून संगणक ओळखतो. अशा गाडीत टायर बदलल्यावर दाब योग्य भरून पडद्यावरील सूचनेनुसार नवी सुरुवात करून दिली की काम संपते. मात्र केवळ वेगाची तुलना करणाऱ्या यंत्रणेची एक मर्यादा ध्यानात ठेवावी : थंडी चारही टायरांचा दाब एकदमच उतरवते, आणि चौघे सारखेच उतरले तर तुलनेत काहीच दिसत नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, सुमारे ३० ग्रॅमचा सेन्सर असतो. या छोट्या वस्तूचे मला खरोखर कौतुक वाटते. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे चौदा फेरे घेते, आणि रिमवरील सेन्सरला स्वतःच्या वजनाच्या दीडशे पट बल सोसावे लागते, म्हणजे ३० ग्रॅमचा तुकडा साडेचार किलोंचा होतो. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या त्या जागी तो एका सीलबंद बॅटरीवर पाच ते दहा वर्षे काम करतो. गाडी उभी असताना तो झोपतो. चाक फिरू लागले की आतील त्वरणमापक त्याला जागे करतो आणि तो ठरावीक वेळाने आपला ओळखक्रमांक, दाब व तापमान रेडिओलहरींनी पाठवतो. बॅटरी बदलता येत नाही, ती संपली की सगळा सेन्सरच बदलावा लागतो.

दुसरा संच घेणाऱ्याची खरी अडचण या ओळखक्रमांकाची आहे. गाडी फक्त आपल्या यादीतल्या चार क्रमांकांचेच ऐकते. नाहीतर शेजारच्या गाडीच्या टायरची बातमी तिला आपली वाटली असती. नव्या चाकांतले क्रमांक तिला अनोळखी असल्यामुळे इशाऱ्याचा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणेला सेन्सर सापडत नाही, आणि पहिल्यापासून स्थिर पेटलेला दिवा म्हणजे हवा कमी आहे. हा फरक ज्याला माहीत आहे त्याची निम्मी चिंता तेथेच मिटते. काही गाड्या थोडे अंतर चालवल्यावर नवे क्रमांक आपणहून शिकतात. काहींना शिकण्याच्या स्थितीत आणून, हातात मावणाऱ्या एका उपकरणाने प्रत्येक चाकाजवळ कमी वारंवारितेचा संकेत देत ठरावीक क्रमाने सेन्सर जागे करावे लागतात, आणि प्रत्येक क्रमांक नोंदला गेल्यावर गाडी हॉर्न वाजवून कळवते. काहींमध्ये क्रमांक निदानाच्या सॉकेटमधून संगणकात लिहावे लागतात. घरी काम करणाऱ्यासाठी मला सर्वांत सोयीचा वाटणारा मार्ग चौथा आहे : कोऱ्या सेन्सरांवर जुन्या सेन्सरांचेच क्रमांक उतरवून घ्यायचे, म्हणजे चाके बदलली तरी गाडीच्या लेखी काहीच बदलत नाही. सेन्सर घेताना वारंवारिता तपासावी. उत्तर अमेरिकेत बहुतेक ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात ४३३ मेगाहर्ट्झ चालते, पण उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही गाड्याही ४३३ वापरतात.

चारही सेन्सर पीव्हीसीच्या बंद नळीत हवेच्या दाबाखाली ठेवून ती नळी डिकीत टाकण्याची युक्तीही काही जण करतात. दिवा विझतो खरा, पण ती नळी गाडीला वर्षभर ‘सर्व ठीक आहे’ असे खोटे सांगत राहते आणि टायर रिकामा होत असतानाही सांगत राहील. त्यापेक्षा दिवा पेटलेला ठेवून दर पंधरवड्याला हाताने दाब मोजणे हजार पटींनी बरे.

प्रत्यक्ष चाक बदलताना गाडी सपाट व घट्ट जमिनीवर उभी करून हँडब्रेक लावावा, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरील चाकाला अडसर द्यावा आणि नट थोडे सैल करून मगच जॅक लावावा. उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. चाक काढल्यावर रिम जेथे टेकते तो हबचा भाग तारेच्या ब्रशने घासून काढावा, कारण गाडीचे वजन नटांच्या दांड्यांवर टांगलेले नसते. नट रिमला हबवर इतके घट्ट आवळतात की दोहोंमधील घर्षणच भार वाहते. मध्ये गंजाचे पापुद्रे राहिले तर चालताना ते चुरतात आणि आवळ ढिली पडते. नट हातानेच सुरू करावेत, चांदणीच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजून देणाऱ्या पान्याने) पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच द्यावा. अनेक लहान गाड्यांत तो १०० ते १२० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २२ किलो वजन टांगावे तेवढा. दांड्यांना तेल लावण्याचा मोह टाळावा. आवळताना लावलेल्या जोराचा फार मोठा भाग घर्षणात खर्च होतो आणि थोडाच प्रत्यक्ष ताण निर्माण करतो; तेलाने घर्षण घटले की तोच आकडा दांडीला कितीतरी जास्त ताणतो. नक्षी एकाच दिशेची असेल तर टायरवरील बाण पुढे फिरणाऱ्या दिशेला यावा.

सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात साधी पितळी पिन बसवू नये. रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की विद्युत-रासायनिक गंज चढतो, पिन आत चिकटून बसते आणि पुढे हवा भरायला गेले की व्हॉल्व्हच मोडून येतो. त्यासाठी निकेलचा मुलामा दिलेली पिन मिळते; टोपीही प्लॅस्टिकची घ्यावी.

हवा शक्यतो बाहेरच्या थंडीतच, गाडी काही तास उभी राहिल्यानंतर, चालकाच्या दाराजवळील पट्टीवरच्या आकड्याइतकी भरावी. उबदार गॅरेजात १८ अंशांना अचूक भरलेला टायर शून्याखाली १५ अंशांत बाहेर काढला की अर्ध्या तासात पाचेक पीएसआय गमावतो. पहाटे पेटलेला दिवा दुपारी आपोआप विझला, तरी तो बिघाड समजू नये. चालून टायर तापल्याने दाब वर चढलेला असतो, आणि मोजायचा दाब सकाळचाच असतो. चाके बदलल्यावर ८०-१०० किलोमीटर चालवून नटांना पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावावा, आणि उतरवलेल्या उन्हाळी टायरांवर ‘डावा पुढचा’, ‘उजवा मागचा’ असे खडूने लिहून ते रिमांसह आडवे, एकावर एक रचून, उन्हापासून आणि पंप-पंख्यांसारख्या यंत्रांतील विजेच्या मोटरपासून दूर ठेवावेत.