पतंगाने रंग बदललाच नव्हता

शाळेत आपण सगळेच वाचतो की इंग्लंडमधला ‘पेपर्ड मॉथ’ नावाचा पांढरा पतंग (फुलपाखराचा भाऊबंद, उडवायचा नव्हे) कारखान्यांच्या धुरामुळे काळा झाला, आणि डोक्यात चित्र असं राहतं की बिचाऱ्याला काजळी लागली किंवा त्याने सरड्यासारखा रंग बदलला. तसं काहीच झालं नाही. जन्मभर प्रत्येक पतंग होता त्याच रंगाचा राहिला, फक्त कोणाला पक्ष्यांनी आधी खाल्लं हे बदललं.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल हातात घेऊन बघा, करड्या-पांढऱ्या खडबडीत पापुद्र्यासारखं. तसल्याच भाऊबंदांनी तिकडची झाडं मढलेली असायची. त्यावर पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखा हा पतंग दिवसभर पंख पसरून गप्प बसला की समोर असून दिसत नाही. मग कोळशाचा धूर आला, त्यातल्या गंधकाच्या वायूने दगडफूल मेलं, साली काळ्या पडल्या आणि पांढरा पतंग म्हणजे पक्ष्यांना वाढलेलं ताटच.

काळा पतंग धुराने घडवला नाही. डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा, साधारण २२ हजार अक्षरांचा, एका जीनमधे जाऊन बसला आणि त्यामुळे पंख काळे झाले. २०१६ मधे लिव्हरपूलच्या संशोधकांनी तो शोधला, आणि तो तिथे अंदाजे १८१९ च्या आसपास येऊन बसला असंही काढलं. मँचेस्टरमधे पहिली नोंद १८४८ ची, आणि १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे! एवढ्या वेगाला काळ्यांची पिल्लावळ पांढऱ्यांच्या दीडपट तरी हवी, हे गणित १९२४ मधे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हाल्डेननी मांडलं (तेच हाल्डेन जे पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले).

१९५३ मधे केटलवेल या ब्रिटिश संशोधकाने धुराने काळवंडलेल्या बर्मिंगहॅमजवळ पतंगांच्या पंखांना खालून, म्हणजे पक्ष्यांना दिसणार नाही असा, रंगाचा ठिपका लावून ते झाडांवर सोडले. परत सापडले, म्हणजे पक्ष्यांपासून वाचले, ते काळे २७.५ टक्के, पांढरे १३. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ जंगलात बरोब्बर उलटं, पांढरे १२.५ आणि काळे ६.३.

पुढे यावर भरपूर टीका झाली. पतंग खोडावर कमी आणि फांद्यांवर जास्त बसतात, तुम्ही भलत्या जागी ठेवलेत वगैरे. टीका रास्त होती, पण त्यावरून उत्क्रांतीच खोटी असं म्हणणाऱ्यांची मला कमाल वाटते. उत्तर दिलं मायकेल मजेरस या संशोधकाने, केंब्रिजमधल्या स्वतःच्या बागेत सहा वर्षं तब्बल ४,८६४ पतंग सोडून आणि पहाटे पक्षी नेमके कोणाला टिपतात ते बघत बसून. तोवर हवा सुधारली होती, साली उजळल्या होत्या, त्यामुळे जास्त मेले ते काळे. २००९ मधे मजेरस गेला, आकडे सहकाऱ्यांनी २०१२ मधे छापले.

ब्रिटनच्या १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर काळ्यांची पीछेहाट चालूच आहे, आता खुद्द मँचेस्टरमधेही काळा पतंग शोधावा लागतो.