एनडीआयआर सीओटू सेन्सर

हवेत कार्बन डायऑक्साईड (सीओटू) किती आहे हे इन्फ्रारेड प्रकाश वापरून मोजणारा सेन्सर म्हणजे एनडीआयआर (नॉन-डिस्पर्सिव्ह इन्फ्रारेड). या वायूला रंग नाही वास नाही, आणि तो सहजासहजी कशाशी रिअ‍ॅक्शनही करत नाही, त्यामुळे केमिकल पद्धतीने त्याला पटकन पकडणं अवघड जातं. पण ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड मात्र तो जोरात शोषून घेतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हा प्रकाश शोषत नाहीत, पाण्याची वाफसुद्धा त्या जागी जवळपास आड येत नाही, म्हणून पावसाळ्यातल्या दमट हवेतही मोजमाप जमतं. सगळं काम या एका गोष्टीवर चालतं.

आतली बांधणी तशी साधी आहे. एका टोकाला छोटासा लॅम्प, मधे हवा ये-जा करेल अशी नळी (चांगल्या सेन्सरमधे ती आतून सोन्याचा मुलामा दिलेली असते कारण सोनं इन्फ्रारेड फार छान परावर्तित करतं), दुसऱ्या टोकाला फक्त ४.२६ च्या आसपासचाच प्रकाश सोडणारा फिल्टर आणि त्यामागे डिटेक्टर. प्रिझम वगैरे लावून प्रकाशाचे रंग वेगळे करायची भानगडच नाही. नळीत सीओटू जितका जास्त तितका डिटेक्टरपर्यंत पोचणारा प्रकाश कमी, आणि हा हिशोब बीअर-लँबर्टच्या नियमाने (किती प्रकाश शोषला गेला यावरून वायूचं प्रमाण काढायचा नियम) करतात. बऱ्याच सेन्सरमधे ३.९ मायक्रोमीटरचा दुसरा फिल्टरही असतो, तिथे सीओटू काही शोषत नाही, त्यामुळे लॅम्प जुना होऊन मंद झालाय का खरंच वायू वाढलाय हे कळतं. बल्बवाला सेन्सर अंधारात ठेवून पाहा, बऱ्याचदा पांढऱ्या पडद्याआडून बारीक उजेड थोड्या थोड्या वेळाने लुकलुकताना दिसतो, तेच त्याचं मोजणं.

सीओटू इन्फ्रारेड शोषतो हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मधे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधे मोजून दाखवलं. कारखान्यात वापरता येईल असं यंत्र १९३० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत तयार झालं. पण या पद्धतीचं खरं मोल जगाला कळलं ते अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांच्यामुळे. मार्च १९५८ मधे हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे त्यांचा इन्फ्रारेड अ‍ॅनालायझर सुरू झाला, तेव्हा रीडिंग ३१३ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास होतं, आता तिथेच ४२० च्या वर जातं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कीलिंग नुसत्या यंत्रावर विसंबले नाहीत, ज्यातलं प्रमाण आधीच पक्कं माहीत आहे असा रेफरन्स गॅस परत परत यंत्रातून सोडून ते रीडिंग तपासत राहिले.

आजच्या स्वस्त सेन्सरची अडचण नेमकी इथेच आहे, त्याच्याजवळ रेफरन्स गॅस नसतो. मग कंपन्या त्यात ऑटो कॅलिब्रेशन टाकतात, म्हणजे साधारण आठवडाभरात जे सगळ्यात कमी रीडिंग आलं ते बाहेरच्या ताज्या हवेचं, म्हणजे ४०० पीपीएम, असं सेन्सर धरून चालतो. ऑफिस किंवा शाळेत हे बरोबर चालतं कारण रात्री खोली रिकामी होते. पण जळगावकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरमधे (केळी पिकवायच्या बंद खोलीत) काय होईल बघा, तिथे केळी पिकताना सतत श्वसन करतात, सीओटू साठत जातो, आणि तो १ टक्क्याच्या म्हणजे १०,००० पीपीएमच्या वर गेला की फळ पिकवणाऱ्या इथिलिन वायूचा परिणामच कमी होतो आणि माल नीट पिकत नाही, म्हणून मधूनमधून हवा बदलावी लागते. अशा जागी हवा कधीच ४०० पर्यंत उतरली नाही तर सेन्सर हळूहळू चढ्या आकड्यालाच ४०० समजायला लागतो आणि दाखवतो कमी. मशरूमच्या खोलीतही तेच. तिथे ऑटो कॅलिब्रेशन बंदच करावं आणि अधूनमधून सेन्सर उघड्यावर नेऊन हाताने सेट करावा.

दुसरी गोष्ट उंचीची. सेन्सर खरं तर नळीतले रेणू मोजतो, टक्केवारी नाही. महाबळेश्वरला साधारण १३५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्के कमी, म्हणजे तेवढे रेणू कमी, मग दाबाची दुरुस्ती केली नाही तर आकडा कमीच येणार.

हॉस्पिटलमधे हेच तंत्र कॅप्नोग्राफमधे, म्हणजे उच्छ्वासातला सीओटू मोजणाऱ्या यंत्रात, असतं. भूल देताना घातलेली नळी श्वासनलिकेत गेली की चुकून अन्ननलिकेत, हे रुग्णाच्या उच्छ्वासात सीओटू येतोय का यावरून काही श्वासांतच कळतं. श्वास सोडताना शेवटी त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असावा लागतो.

खरेदी करताना मात्र जपून, कारण ऑनलाइन बरेच स्वस्त मॉनिटर सीओटू मोजतच नाहीत, आत मेटल ऑक्साईडचा सेन्सर असतो आणि तो इतर वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतो. तपासायचं असेल तर सॅनिटायझर लावलेला हात जवळ न्या, आकडा एकदम उसळला तर तो अंदाजवाला. एनडीआयआर अल्कोहोलला फारसा हलत नाही, पण त्याच्यावर फुंकर मारली की हजारोंत जातो, कारण आपल्या उच्छ्वासात सीओटू ४ टक्क्यांच्या आसपास असतो.