पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि खुला समुद्र

खोल समुद्रातून वर आणलेला जीव स्पिरिटच्या बरणीत ठेवताना संशोधक त्याच्यासोबत एक चिठ्ठीही आत सोडतात. चिठ्ठी जाड कागदाची असते आणि तिच्यावरचा मजकूर पेन्सिलीने लिहिलेला असतो, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि बरणीला बाहेरून चिकटवलेले लेबल जहाजाच्या दमट हवेत कधी सुटून पडेल याचा नेम नसतो. अक्षांश, रेखांश, खोली, तारीख आणि सफरीचा क्रमांक एवढीच माहिती तिच्यावर असते. १७ जानेवारी २०२६ पासून या माहितीत आणखी एका ओळखक्रमांकाची भर पडण्याचा मार्ग खुला झाला आहे. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरी जैवविविधतेचे संवर्धन व शाश्वत वापर यांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार, म्हणजेच बोलीभाषेतला ‘खुल्या समुद्राचा करार’, त्या दिवशी लागू झाला. वर्तमानपत्रांनी त्यातल्या संरक्षित सागरी क्षेत्रांवर भर दिला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे रोजचे काम मात्र त्या क्षेत्रांपेक्षा या ओळखक्रमांकामुळे अधिक बदलणार आहे, असे मला वाटते.

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, त्या-त्या देशाला साधनसंपत्तीवर हक्क असतो. त्यापलीकडचे पाणी कोणाच्याच मालकीचे नाही. जगातल्या महासागरांचा जवळजवळ दोन तृतीयांश विस्तार या बिनमालकीच्या पाण्यात मोडतो. ही विभागणी १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराने पक्की केली, पण त्या वर्षी पीसीआर या, डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राचा शोधही लागलेला नव्हता. मासे, जहाजे आणि तळावरची खनिजे यांचा विचार करारकर्त्यांनी केला होता, परंतु समुद्रातल्या एखाद्या जिवाणूच्या जनुकाला बाजारभाव येऊ शकेल हे त्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते.

ही उणीव भरून काढायला जवळजवळ वीस वर्षे लागली. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वाटाघाटींची अखेरची बैठक रात्रंदिवस चालली आणि सिंगापूरच्या रेना ली यांनी अध्यक्षपदावरून मसुद्यावर एकमत झाल्याचे जाहीर केले. १९ जून २०२३ रोजी करार स्वीकारला गेला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अनुसमर्थन करणाऱ्या, म्हणजे स्वाक्षरीनंतर करार स्वतःवर बंधनकारक मानणाऱ्या, देशांची संख्या साठवर पोहोचली आणि ठरल्याप्रमाणे १२० दिवसांनी तो अमलात आला.

वाटाघाटी इतक्या का रखडल्या, हे समजण्यासाठी संशोधन जहाजाच्या डेकवर जायला हवे. तारेच्या दोराला टांगलेल्या लोखंडी कड्यात बारा किंवा चोवीस उभ्या बाटल्या बसवलेल्या असतात. कडे खाली जाताना बाटल्या दोन्ही तोंडांनी उघड्या असतात आणि वर येताना नेमलेल्या खोलीवर एकेकीचे झाकण बंद केले जाते. वर आलेले पाणी ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून ओढले की जिवाणू गाळणीवर राहतात. बोटाच्या दोन पेरांएवढी ती पांढरी चकती घडी घालून कुपीत जाते आणि कुपी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. पृष्ठभागाजवळच्या अवघ्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, त्यामुळे त्या चकतीवर हजारो प्रकारच्या सजीवांचा डीएनए एकवटलेला असतो. त्याचा क्रम, म्हणजे त्यातल्या रासायनिक अक्षरांची मांडणी, वाचून ती माहिती सार्वजनिक संगणकीय संग्रहात टाकली की पुढे मूळ कुपीला कोणी हात लावला नाही तरी चालते. दुसऱ्या खंडातली कंपनी तो क्रम उतरवून घेऊन हवे ते जनुक कृत्रिमरीत्या तयार करू शकते. मग त्याच्या लाभात वाटा कोणाचा, या प्रश्नावर वाटाघाटी अडत राहिल्या.

हे चित्र काल्पनिक नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६२ सागरी प्रजातींच्या १२,९९८ जनुकक्रमांवर पेटंटचे दावे आढळले आणि त्यांपैकी ४७ टक्के एकाच कंपनीच्या नावावर होते. त्या प्रजाती केवळ खुल्या समुद्रातल्या होत्या असे नाही, पण जहाज पाठवण्याची ऐपत असलेले मोजके देश आणि बाकीचे जग यांच्यातले अंतर त्या आकड्यांतून दिसते.

नव्या करारानुसार सदस्य देशाच्या संशोधकांनी मोहिमेच्या सहा महिने आधी, किंवा शक्य तितक्या लवकर, एका सामाईक माहिती केंद्राला काय गोळा करणार, कुठे आणि कशासाठी हे कळवायचे आहे. त्यावर यंत्रणा आपोआप ओळखक्रमांक देईल. नमुने गोळा केल्यापासून वर्षभराच्या आत ते कुठे ठेवले आणि क्रम कोणत्या संग्रहात टाकले, हे सांगायचे आहे. पुढे त्यांतून शोधनिबंध, पेटंट किंवा उत्पादन निघाले तर तोच क्रमांक सोबत न्यायचा आहे. नमुन्यांचे भांडार सांभाळणाऱ्यांना दर दोन वर्षांनी वापराचा एकत्रित अहवाल द्यावा लागेल. ही परवानगी नव्हे, सूचना आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. तरीही जहाजाचे वेळापत्रक अनेकदा ऐनवेळी बदलते, हे जाणणाऱ्याला सहा महिन्यांची अट वाचताना घाम फुटेल.

संरक्षित क्षेत्रांचा निर्णय शक्यतो सहमतीने आणि ती न झाल्यास तीन चतुर्थांश बहुमताने घेता येईल, म्हणजे एखाददुसऱ्या देशाला सगळे अडवून धरता येणार नाही. तळावरच्या खनिजांचा कारभार मात्र जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडेच आहे.

पुढची मोठी घटना म्हणजे सदस्य देशांची पहिली परिषद. करार लागू झाल्यापासून वर्षभरात ती भरवणे बंधनकारक आहे. सचिवालय कुठे असावे, यासाठी चिलीने वालपराइसो आणि बेल्जियमने ब्रुसेल्स ही शहरे पुढे केली आहेत. बातम्या बहुधा त्याच्याच होतील. पर्यावरणशास्त्रात काम करणाऱ्यांनी मात्र कराराच्या वैज्ञानिक व तांत्रिक सल्लागार मंडळावर कोण येते आणि माहिती केंद्राचा अर्ज किती सुटसुटीत होतो, याकडे लक्ष ठेवावे. भारताने २५ सप्टेंबर २०२४ रोजी करारावर स्वाक्षरी केली आहे, पण परिषदेत मत देण्याचा हक्क अनुसमर्थनानेच मिळतो.

आपल्याकडच्या संस्थांसाठी सर्वांत अवघड कलम जुन्या नमुन्यांविषयीचे आहे. एखाद्या देशाने लेखी अपवाद नोंदवला नसेल, तर करार लागू होण्यापूर्वी गोळा केलेल्या नमुन्यांच्या यापुढील वापरालाही हे नियम लागू होतात. गोव्यातल्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘गवेषणी’ हे जहाज १९७६ पासून सफरी करू लागले. १९९७ साली मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, पाच किलोमीटरहून अधिक खोलीवर, तळ मुद्दाम ढवळून तिथल्या जीवांवर काय परिणाम होतो हे तपासण्याचा प्रयोग झाला. ती जागा भारताच्या हद्दीपलीकडची आहे, याबद्दल शंका नाही. अरबी समुद्रात २०० मैलांच्या रेषेच्या आसपास घेतलेल्या नमुन्यांचे तसे नाही. जीपीएस येण्यापूर्वीच्या नोंदींत काही किलोमीटरची चूक सहज संभवते. त्यात तळाला चिकटून राहणाऱ्या जीवांसाठी २०० मैलांची रेषा पुरत नाही, कारण विस्तारित भूखंडमंचावर, म्हणजे त्या रेषेपलीकडेही पसरलेल्या भूखंडाच्या पाण्याखालच्या भागावर, त्यांचा हक्क किनारी देशाकडे जातो आणि त्यासाठी भारताने २००९ मध्येच दावा दाखल केला आहे. तेव्हा एकाच जाळीत वर आलेला स्पंज आपला आणि त्याच्या शेजारचा मासा बिनमालकीचा, असे होऊ शकते. दोघांचा निवाडा करायला बरणी उघडून, चिमट्याने चिठ्ठी बाहेर काढून, पेन्सिलीचा आकडा तीन आहे की आठ हे भिंगाखाली पाहावे लागेल.