पऱ्हाटी, संत्र्याची साल आणि जिवाणूंचं जेवण

मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागली की नासक्या फळांचे ढीगही लागतात आणि थोड्याच दिवसांत त्यांचा लगदा होतो. कापसाची वेचणी संपलेली पऱ्हाटी मात्र धुऱ्यावर महिनोन्‌महिने तशीच कडक. साखरेच्या जातीच्या रेणूंच्या लांब साखळ्या दोन्हीकडे आहेत, पण संत्र्याच्या सालीत मऊ पेक्टिन भरपूर, तर पऱ्हाटीत सेल्युलोज आणि त्याला कवटाळून बसलेलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य. या साखळ्या जिवाणू नेमक्या कशा खातात, हे कळायला शंभर-दीडशे वर्षं लागली.

मालाची ओळख तशी लवकर पटली. पेक्टिनला ब्राकोनोनं 1825 मध्ये नाव दिलं, सेल्युलोज 1838 मध्ये पायेननं वेगळं काढलं. त्याआधी 1833 मध्ये याच पायेननं पर्सोझसोबत मोड आलेल्या जवापासून स्टार्च तोडणारा पदार्थ मिळवला होता. वेगळं काढलेलं ते पहिलं विकर, म्हणजे एन्झाइम.

जिवाणूची खरी अडचण वेगळीच आहे. त्याला तोंड नाही. हजारो कड्यांची साखळी पेशीच्या आवरणातून आत जाणार कशी? म्हणून विकर बाहेर सोडायचं, साखळी बाहेरच तोडायची आणि तुकडे आत ओढायचे. यात शेजाऱ्याचं फावतं: विकर बनवण्याचा खर्च एकाचा, साखर भलत्याच्याच घशात. पुढचे बरेचसे शोध या चोरीवरच्या बंदोबस्ताचे आहेत, असं मला वाटतं.

अभ्यासाची सुरुवात माणसापासून नाही, गुरांपासून झाली. गाय कडबा पचवते तो स्वतःच्या विकरांनी नव्हे. तिच्या पोटात सेल्युलोज आंबतं आणि त्यातून आम्लं तयार होतात, हे टॅपेनरनं 1880 च्या दशकात दाखवलं. आंबवणारे जिवाणू हाती लागायला मात्र आणखी साठेक वर्षं गेली, कारण हवा लागली की ते मरत. वाळवीच्या पोटापासून सुरुवात केलेल्या रॉबर्ट हंगेटनं त्यावर तोड काढली. नळीतला ऑक्सिजन हाकलायचा, वितळलेलं अगार, म्हणजे जेलीसारखं गोठणारं द्रव्य, ओतायचं आणि नळी फिरवत राहायची, म्हणजे आतल्या भिंतीवर पातळ थर बसतो. त्यात सेल्युलोजचा बारीक चुरा मिसळलेला असला की थर धुरकट दिसतो, आणि जिथे जिवाणूंची वसाहत वाढते तिथे तिच्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. तिथलं सेल्युलोज संपलेलं असतं.

कापसाच्या मुलखात सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्या तपासातून सापडली ती बुरशी, जिवाणू नव्हे. पण एकट्या विकराचं हे काम नाही, हे त्यावरच्या एल्विन रीसच्या कामातून पुढे आलं. 1983 मध्ये बायर आणि लॅमेड यांना क्लॉस्ट्रिडियम जातीच्या एका जिवाणूत विकरांची अख्खी टोळीच एका सांगाड्यावर बांधलेली आढळली. तिला सेल्युलोसोम म्हणतात. हा सांगाडा पेशीला आणि सेल्युलोजला एकाच वेळी धरून ठेवतो, त्यामुळे तोडलेली साखर पेशीच्या दाराशीच पडते.

माणसाच्या आतड्याची पाळी उशिरा आली. ॲबिगेल सॅलियर्स यांनी 1970 च्या दशकापासून बॅक्टेरॉइड्सचा पिच्छा पुरवला. हा जिवाणू स्टार्च आधी स्वतःच्या अंगावर पकडतो, मोजकंच तोडतो, तुकडे आत खेचतो आणि बाकीची तोडफोड आवरणाच्या आत करतो. बाहेर सांडलवंड जवळपास नाहीच! त्याच्या एका जातीचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, 2003 मध्ये वाचला गेला; त्यात अशा साखळ्या तोडणाऱ्या विकरांचे दोनशेहून अधिक जनुक आहेत. आपल्याकडे पचनासाठी अशी विकरं जेमतेम वीसेक. तुरीच्या वरणातल्या रॅफिनोजसारख्या शर्करांसाठी तर आपल्याकडे विकरच नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि पोटात वायू धरतो. त्याच आंबवण्यातून निघणाऱ्या ब्युटिरेट नावाच्या आम्लावर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं, हे वरणाला नावं ठेवताना कुणी सांगत नाही.

ही विकरंही कायमची ठरलेली नसतात. 2010 मध्ये जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत समुद्री शेवाळातली साखळी तोडणारा जनुक सापडला. तो मुळात समुद्रातल्या जिवाणूंचा, बहुधा कच्च्या शेवाळासोबत पोटात आलेला. तुलनेसाठी तपासलेल्या उत्तर अमेरिकी लोकांच्या जिवाणूंत तो मिळाला नाही.