आरएसव्हीडीपी आणि आरएसव्हीडीझेड: राखीव बिट सगळे एका जातीचे नसतात

नेटवर्क ड्रायव्हरचे पॅच तपासताना एक शेरा सतत दिसतो: 'राखीव बिट वाचले तसेच परत लिहा.' रजिस्टर म्हणजे हार्डवेअरमधली छोटी जागा, जिचे बिट ड्रायव्हर वाचतो-लिहितो; राखीव बिट म्हणजे त्यातले पुढच्या वापरासाठी मोकळे ठेवलेले. अर्ध्या रजिस्टरांसाठी हा सल्ला चूक आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या (नेटवर्क कार्डासारखी डिव्हाइसं संगणकाला जोडणाऱ्या बसच्या) स्पेसिफिकेशनमध्ये राखीव बिटांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

आरएसव्हीडीपी (RsvdP, 'राखीव, जपा') तुम्हाला माहीत आहे, वरचा शेरा त्याचाच. तो कंट्रोल रजिस्टरमध्ये असतो. वाचायचं, आपला बिट बदलायचा, बाकीचं जसंच्या तसं लिहायचं. डिव्हाइस कंट्रोल २ मधला बिट १० आवृत्ती २.० पर्यंत राखीव होता, नंतर तिथे एलटीआर (डिव्हाइसला किती उशीर चालेल ते कळवण्याची यंत्रणा) चालू करण्याची सोय आली. तो फर्मवेअरने लावून ठेवलेला असताना ड्रायव्हरने शून्य लिहिलं, तर एलटीआर बंद पडतं.

खरा घोळ आरएसव्हीडीझेडचा (RsvdZ, 'राखीव, शून्य'). तो स्टेटस रजिस्टरमध्ये असतो आणि तिथे नेहमी शून्यच लिहायचं, वाचताना काहीही आलेलं असो. कारण स्टेटसच्या बिटावर १ लिहिला की तो पुसला जातो. समजा डिव्हाइस स्टेटसचे खालचे चार बिट १००१ आले: बिट ३ अनसपोर्टेड रिक्वेस्टचा, बिट ० करेक्टेबल एररचा. तुम्हाला फक्त बिट ३ पुसायचाय. वाचून, त्यात १००० मिसळून लिहिलंत तर परत १००१च जातं आणि करेक्टेबल एररची नोंद कुणी बघायच्या आत उडते. लिहायचं ते नुसतं १०००. राखीव बिटालाही हेच लागू. याच रजिस्टरचा बिट ६ आधी राखीव होता, आता तो इमर्जन्सी पॉवर रिडक्शनची खूण आहे. 'जसंच्या तसं' लिहिणारा जुना ड्रायव्हर ती खूण पुसून टाकतो.

त्यात डिव्हाइस कंट्रोल आणि डिव्हाइस स्टेटस ही दोन रजिस्टरं शेजारी-शेजारी, प्रत्येकी १६ बिटांची. कंट्रोलमधली मॅक्स रीड रिक्वेस्ट साइझ (एका वेळी किती डेटा वाचायला मागायचा ती मर्यादा) बदलायला कुणी ३२ बिट एकदम वाचून लिहिले, की कंट्रोलची बाजू बरोबर राहते आणि स्टेटसची साफ होते. असा कोड मी मंजूर करत नाही. लिनक्समध्ये १६ बिटांचे हेल्पर आहेत, तेच वापरा.

पीएचवायला (नेटवर्क केबलवर सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपला) मात्र हा हिशेब लावू नका. आयट्रिपलई ८०२.३ या इथरनेटच्या मानकात त्याच्या कंट्रोल रजिस्टरचे बिट ४ ते ० राखीव आहेत, आणि कंट्रोल असूनही तिथे शून्यच लिहायला सांगितलंय. म्हणून कोडमध्ये नुसतं 'राखीव' लिहिलेली कॉमेंट मला चालत नाही. पुढे 'जपा' की 'शून्य', ते लिहा.